साठात छप्पन्नावा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ४७.

हा श्लोक माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. दुकानाच्या पाटीवर, कॅलेंडरवर, ऑफिसमधल्या मोटिव्हेशनल मेलमध्ये तो सगळीकडे असतो. म्हणून तो इथे पुन्हा लिहीत नाही, फक्त अर्थ माझ्या भाषेत मांडतो. चार गोष्टी सांगितल्या आहेत. काम करणं तुझ्या हातात आहे. त्याचं फळ तुझ्या हुकमात नाही. फळासाठीच काम करणारा होऊ नकोस. आणि चौथी, जी आपण बहुतेक वेळा गाळतो: म्हणून काम सोडूनही बसू नकोस.

या श्लोकावरून मी एकदा आमच्या आबांना दुखावलं होतं. आजचं चिंतन तिथूनच सुरू करतो.

२०१९ चा ऑक्टोबर. मराठवाड्यात परतीचा पाऊस थांबायलाच तयार नव्हता. हट्ट्याला आमच्या शेतात कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, काळं पडलं, काही ठिकाणी तर ढिगातच कोंब फुटले. आबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एसीत बसलो होतो. काय बोलावं सुचेना, तर मी म्हणालो, "आबा, आपण आपलं काम केलं ना? फळाचा विचार नका करू. गीतेत सांगितलंय."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग आबा म्हणाले, "तुझा पगार किती तारखेला होतो रं?"

"एक तारखेला."

"मंग बरंय," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ते "मंग बरंय" मला पुढची दोन वर्षं टोचत राहिलं. कारण त्यात एक खरा प्रश्न होता. ज्याचं फळ दर एक तारखेला बँकेत जमा होतं, त्याने ज्याचं फळ आभाळावर अवलंबून आहे त्याला "फळाची आशा धरू नका" म्हणणं, हा धर्म की उद्धटपणा?

याचं उत्तर मला ज्या ठिकाणी सापडायला लागलं, ते ठिकाण सांगितलं तर तुम्ही हसाल. गोल्फ.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्क फ्रॉम होममुळे मी गावी हट्ट्यातच होतो. हळदीला माती लावायचे दिवस. टोकियो ऑलिंपिक चालू होतं. ७ ऑगस्टच्या सकाळी अर्धा भारत अचानक गोल्फ बघायला बसला होता, आठवतंय? अदिती अशोकचा शेवटचा राउंड. विजांमुळे खेळ मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि एका फटक्याच्या फरकाने तिचं कांस्यपदक हुकलं. ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि गोल्फ सगळे विसरून गेले.

आमच्या घरात मात्र तो विषय राहिला. आबांना मोबाईलवर स्कोअर समजावून सांगता सांगता मी मागचे निकाल काढले, तर पुरुषांच्या यादीत एक आपलं नाव दिसलं. उदयन माने. पुण्याचा. वय तीस. साठ खेळाडूंत छप्पन्नावा.

"साठात छप्पन्न?" आबा म्हणाले. "मंग कशाला गेला?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून वाचायला लागलो.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो, कारण आपल्यासारख्यांना गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं हिरवळीवरचं फिरणं वाटतं. हौसेने खेळणाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण विशीतला एखादा मुलगा जेव्हा ठरवतो की मी आता व्यावसायिक होणार, तेव्हा त्याच्या आयुष्याचं गणितच बदलतं. क्रिकेटपटूसारखा करार नाही, मानधन नाही. भारतात २००६ पासून व्यावसायिक गोल्फपटूंचा दौरा आहे, पीजीटीआय. त्यात जागा मिळवायला बहुतेक नवख्यांना आधी पात्रता स्पर्धा खेळावी लागते. जागा मिळाली तरी प्रवेश फी, प्रवास, राहणं, कॅडीचे पैसे हे सगळं स्वतःच्या खिशातून. स्पर्धा सहसा चार दिवसांची, रोज अठरा होल. दोन दिवसांनंतर चाळणी लागते, तिला कट म्हणतात. वरचे साधारण पन्नासेक पुढे जातात आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्यातच वाटली जाते. बाकीच्यांनी बॅग उचलायची आणि घरी जायचं. आठवडा गेला, खर्च झाला, हातात शून्य.

हे सगळं आबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ह्या पोराला महिन्याला कुणीच काही देत नाही?"

"नाही."

"आधी खर्च, मंग कळणार आलं का गेलं?"

"हो."

"आन वारं, पाऊस?"

"ते तर खेळातच धरलेलं असतं."

आबा म्हणाले, "आपल्यासारखंच की."

मंडळी, तेव्हा मला कळलं की या श्लोकाची खरी परीक्षा पगारदाराकडे होतच नाही. ती या लोकांकडे होते. ज्याला फळाशिवाय पुढच्या महिन्याचं बियाणं घेता येत नाही किंवा पुढच्या स्पर्धेचं तिकीट काढता येत नाही, त्याला फळाचा विचार करू नको कसं सांगायचं? आणि तरीही गोल्फ शिकवणारे त्याला नेमकं तेच सांगतात. चेंडू मारताना बक्षीस, कट, पुढचा होल, काहीही डोक्यात नको. कारण तो विचार हातात उतरतो, आणि हात एक अंश जरी फिरला तरी चेंडू झाडीत जातो.

म्हणजे फळाची गरज खरी आहे, आणि फळाचा विचार कामाच्या क्षणी घातक आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. अर्जुनही अशाच जागी उभा होता. त्याच्यासाठी युद्धाचा निकाल ही काही किरकोळ गोष्ट नव्हती.

मानेच्या गोष्टीकडे परत येतो. ऑलिंपिकच्या पुरुष गोल्फमध्ये फक्त साठ जागा. जून २०२१ मध्ये क्रमवारीनुसार यादी ठरली तेव्हा तो त्यात नव्हता, राखीव होता. मग अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि शेवटची जागा मानेला मिळाली.

आता सांगा, हे फळ कुणाचं? मेहनतीचं की नशिबाचं? आपण भक्त लोक इथे पटकन म्हणतो, "मेहनत केली ना, देव देतोच." मला ते खरं वाटत नाही, आणि श्लोकही तसं म्हणत नाही. नीट वाचा, त्यात कुठेही वचन दिलेलं नाही. मानेने यादीच्या दारापर्यंत जाण्याइतकं खेळून ठेवलं होतं, ते त्याचं. दार उघडलं ते जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका माणसाने, स्वतःच्या कारणासाठी. त्या दोघांत मेहनतीचा काही संबंध नाही. तेवढीच मेहनत करणारे असे कितीतरी असतील, ज्यांच्यासाठी कुणीच माघार घेतली नाही.

राखीव यादीवरून मला आपल्या औंढ्याच्या नागनाथाची कथा आठवते. आमच्याच जिल्ह्यातलं देऊळ, आणि नामदेवांचं नर्सीही आमच्याच जिल्ह्यातलं. कथा तुम्हाला माहीत आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागे जा म्हणाले. ते मागे गेले आणि कीर्तनाला उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आपण लहानपणापासून देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतो. पण मला हल्ली त्याच्या आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले तेव्हा देऊळ फिरणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. समोर फक्त एक भिंत होती. त्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी तेच कीर्तन केलं, जे समोरून केलं असतं.

बरं, टोकियोत काय झालं? २९ जुलै, पहिला दिवस. मानेने ७६ फटके घेतले. त्या मैदानावर अपेक्षित फटके ७१. म्हणजे पाच जास्त. साठ जणांत साठावा. नशिबाने मिळालेली जागा, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांत शेवटी.

इथे मला गोल्फमधली ती गोष्ट कळली, जिच्यासाठी आज हे सगळं लिहितोय. गोल्फमध्ये प्रत्येक फटक्याला जोडीला पंच नसतो. सोबत खेळणारा खेळाडू तुमचे आकडे लिहितो, शेवटी तुम्ही एकेक होल तपासता आणि त्या कार्डावर सही करता. सही केली की तो आकडा तुमचा. म्हणजे ७६ झाले तर स्वतःच्या सहीने जगाला सांगायचं की हो, माझे ७६ झाले.

या सहीच्या दोन गोष्टी सांगतो. १९२५ ची यूएस ओपन. बॉबी जोन्स, वय तेवीस. गवतात चेंडूजवळ उभा राहताना तो किंचित हलला, असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी तो विली मॅकफार्लनशी बरोबरीत आला आणि प्लेऑफमध्ये हरला. तो एक फटका नसता, तर बरोबरी झालीच नसती.

दुसरी गोष्ट १९६८ च्या मास्टर्समधली, १४ एप्रिलची. अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे विचेंझो, त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते, सोबत्याने चुकून चार लिहिले. दे विचेंझोने न तपासता सही केली. नियम असा की जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्त आकडाच धरायचा. खरे ६५ झाले होते, कार्डावर ६६ राहिले. एका फटक्याने बॉब गोल्बी जिंकला. खरा आकडा असता तर दुसऱ्या दिवशी दोघांत प्लेऑफ झाला असता.

पहिल्याने फळाकडे बघितलं आणि ते स्वतःच्या विरोधात असलं तरी खरं लिहिलं. दुसऱ्याने त्या क्षणी फळाकडे नीट बघितलंच नाही. आणि मला जाणवलं की मी आजवर अनासक्ती म्हणजे दे विचेंझोसारखं काहीतरी समजत होतो. फळाकडे बघूच नका. आबांनाही मी तेच सांगितलं होतं, की काळं सोयाबीन बघू नका. पण ती अनासक्ती नव्हे, ते तोंड फिरवणं झालं. ज्याच्यावर फळाची सत्ता चालत नाही, तोच फळाकडे सरळ बघू शकतो. त्याला आकडा लपवावाही लागत नाही आणि फुगवावाही लागत नाही.

हे वाचताना मला माझंच एक कार्ड आठवलं. त्याच वर्षी एका शुक्रवारच्या रिलीजमध्ये मी केलेल्या कॉन्फिगरेशन बदलामुळे सिस्टीम दोन तास बंद पडली होती. रिपोर्ट मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: नेटवर्कची अडचण. कुणी विचारलं नाही. अप्रेझल जवळ आलं होतं. पण टीममधल्या एका ज्युनिअर मुलीला ती "नेटवर्कची अडचण" शोधायचं काम मिळालं, आणि ती दहा दिवस नसलेली गोष्ट शोधत राहिली. रोज स्टँडअपमध्ये सांगायची, "अजून सापडलं नाही, सर." मी ऐकायचो आणि माईक म्यूट ठेवायचो.

टोकियोनंतरच्या सोमवारी मी लीडला खरं सांगितलं. मोठं काही झालं नाही. तो म्हणाला, रिपोर्ट दुरुस्त कर. त्या मुलीची माफी मागितली, ती "इट्स ओके" म्हणाली, पण तिचा आवाज ओके नव्हता. अप्रेझलवर परिणाम झाला की नाही ते माहीत नाही. ते दहा दिवस तिला परत देता येणार नाहीत, एवढं नक्की. फळासाठीच काम करणारा होऊ नकोस, ही तिसरी गोष्ट मला तिथे समजली. मी रेटिंगसाठी खोटं लिहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आता मूळ प्रश्न. पगारदाराने शेतकऱ्याला हा श्लोक सांगावा का? मला वाटतं, सांगू नये. श्लोक खोटा आहे म्हणून नव्हे, तर तो स्वतःला सांगायचा आहे म्हणून. माझ्या फळाबद्दल मी अनासक्त व्हावं. दुसऱ्याच्या फळाबद्दल मी अनासक्त झालो तर ते वैराग्य नाही, अन्याय आहे. कॅडीने बॅग उचलली तर त्याचे पैसे द्यायलाच हवेत, तिथे गीता काढायची नाही. शेतमालाला भाव, मजुराला मजुरी, ज्युनिअरला त्याच्या कामाचं श्रेय, हे त्यांनी न मागता मिळावं हे पाहणं आपल्या "कामात" येतं, त्यांच्या "फळात" नाही.

मग शेतकऱ्याने, खेळाडूने स्वतःला काय सांगावं? ते मला सांगायचा अधिकार नाही. पण आबा काय करतात ते मी पाहिलं आहे.

त्या ऑगस्टमध्ये एकदा मी त्यांची वही चाळली. लाल पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली. त्यात बी, खत, मजुरी, पोती, भाव, सगळं लिहिलेलं असतं. मी २०१९ चा ऑक्टोबर शोधला. मला वाटलं होतं, ते पान कोरं असेल. तिथे त्यांच्या अक्षरात होतं: सोयाबीन, सात पोती, त्यातली तीन काळी. कुठे खाडाखोड नाही, आभाळाला शिवी नाही. आणि त्याच्या खालच्याच ओळीत, पाच दिवसांनंतरची तारीख टाकून: हरभऱ्याचं बी आणलं.

मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसलो. पहिल्या ओळीत दुसरी गोष्ट आहे, फळ हुकमात नाही. दुसऱ्या ओळीत चौथी, काम सोडून बसू नकोस. ज्या माणसाला मी फोनवर श्लोक शिकवत होतो, त्याने तो वहीत लिहून ठेवला होता.

आणि मानेचं? पहिल्या दिवशी ७६ वर सही केली, शेवटचा क्रमांक. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर तो ६९ खेळला. सात फटके कमी. त्याने पदकाजवळ पोहोचला नाही, साठावरून छप्पन्नापर्यंतच आला. पण मंडळी, ७६ नंतरचे ६९ मला आता कुठल्याही पदकाइतके मोठे वाटतात. कालचं कार्ड खरं लिहिलं, म्हणून आजचं कोरं मिळालं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची देखभाल करायचे, तो तिथेच खेळ शिकला. १९९७ मध्ये व्यावसायिक झाला आणि युरोपियन टूरवरचा पहिला विजय त्याला २००८ मध्ये दिल्लीत मिळाला. अकरा वर्षं. त्याची गोष्ट आपल्याला कळते कारण तो जिंकला. अकरा वर्षांनंतरही न जिंकलेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. एखाद्या मुलाने कर्ज वाढलं म्हणून खेळ सोडला, दुसरी नोकरी धरली, तर त्याने चौथी गोष्ट मोडली का? मला तसं वाटत नाही. काम बदलणं म्हणजे काम सोडणं नव्हे. कधी थांबायचं हे श्लोक सांगत नाही, ते ज्याचं त्यानेच ठरवायचं. फक्त ठरवतानाही आकडे खरे हवेत.

आजची साधना छोटी आहे. रात्री झोपण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिली, आज जे झालं ते, जसं झालं तसं, एकही फटका कमी-जास्त न करता. दुसरी, उद्याचं बी. खाली सही करा.

तो ऑलिंपिकचा विषय निघाला की आबा अजून विचारतात, "तो साठातला छप्पन्नावा पोरगा, खेळतो का अजून?"

मी म्हणतो, "खेळतो की."

आबा म्हणतात, "मंग बरंय."

हे "मंग बरंय" मात्र वेगळं आहे.

राम कृष्ण हरी.